पहारेकरी गाफील होते असं लिहिण्याआधी

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात सीमेवरच्या एका जुन्या हल्ल्याबद्दल लेख आला होता. लेख चांगला होता, लिहिणाऱ्याने अभ्यास केलेला दिसत होता, पण त्यात एक वाक्य होतं की पहारेकरी गाफील राहिले आणि शत्रूने डाव साधला. बस एवढंच, त्याच्या मागं पुढं काही नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या स्टँडवर चहा पिताना तेच वाक्य चार जणांच्या तोंडात, आणि त्यातला एक म्हणाला, झोपला असंल, सरकारी नोकरी म्हटल्यावर. मी तिथं गप्प बसलो कारण चहाच्या एका कपात सांगून होणारी ही गोष्ट नाही, घरी आलो आणि नातीची वही घेऊन लिहायला बसलो, आता मुलगा मोबाईलवर टाईप करून पाठवतोय. पत्र लांबलंय, कापलं तरी चालेल, फक्त रात्रीचा हिशोब दिलाय तो कापू नका.

मी १९९४ साली बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झालो आणि २०१८ साली हवालदार म्हणून घरी आलो. २४ वर्षांत मी कुठलं मेडल मिळवलं नाही. पण संत्री ड्युटी, म्हणजे पहारा, इतकी केलीय की त्या रात्री कुणी मोजायच्या ठरवल्या तर मलाच सांगता येणार नाहीत. म्हणून या एका विषयावर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो.

संत्री हा शब्द इंग्रजीच्या सेंट्रीवरून आला हे बऱ्याच लोकांना माहीत असतं. आमच्या आधीच्या पिढीतले पेन्शनर लोक अजून एक शब्द सांगायचे, हुकुमदार. लहानपणी मला वाटायचं हा कुणी मोठा हुकूम देणारा असेल, भरती झाल्यावर कळलं की ते गोऱ्या साहेबाचं 'हू कम्स देअर', आपल्या लोकांच्या तोंडात बसून त्याचं हुकुमदार झालं. आता आम्ही 'थम, कौन आता है' म्हणतो. चार शब्द आहेत. पण रात्री अडीच वाजता पावसात हे चार शब्द कधी म्हणायचे, किती मोठ्याने म्हणायचे आणि उत्तर आलं नाही तर पुढच्या तीन सेकंदात काय करायचं, ह्यातच सगळी ड्युटी आहे.

एक रात्र सांगतो. साल २०००, ऑगस्ट महिना, एलओसीवर आमची पोस्ट होती, जागेचं नाव सांगत नाही. तेव्हा शस्त्रसंधी नव्हती, ती नोव्हेंबर २००३ मध्ये झाली, आणि आज तारेचं जे कुंपण आहे तेही नव्हतं, ते त्यानंतर पूर्ण झालं. त्या भागात ऑगस्टमध्ये मका डोक्याच्या वर गेलेला असतो, पाऊस आणि धुकं, शेतात वारा शिरला की पन्नास माणसं चालल्यासारखा आवाज येतो. आमच्या मोर्च्यासमोर, म्हणजे दगड रचून केलेल्या आडोशासमोर, तारेला रिकामे डबे खडे घालून टांगलेले असायचे, कुणी तारेला धक्का दिला की वाजायचे. पण डबे वाऱ्यानेही वाजतात, साळिंदरानेही वाजतात, कोल्ह्यानेही वाजतात, आणि प्रत्येक वेळी तुमचं काळीज तेवढंच हलतं, मागच्या वेळी साळिंदर होतं म्हणून या वेळी साळिंदरच असेल असं म्हणायची सोय नसते.

त्या रात्री आमचीच एक पेट्रोल पार्टी, म्हणजे गस्तीची तुकडी, बाहेर होती, ती पहाटे ४ ला अमुक बाजूने येणार असं ठरलेलं. २ वाजून ५० मिनिटांनी उलट्या बाजूने मका हलला. रातकिडे ओरडत होते ते एका पट्ट्यात गप्प झाले. माझ्यासोबत जोडीला जत भागातला एक नवीन पोरगा होता, त्याने माझा दंड धरला, मी रायफलचं सेफ्टी खाली घेतलं आणि 'थम' म्हणालो. हालचाल थांबली. उत्तर नाही. खाली नाला फुगलेला, त्याचा आवाज एवढा की मी म्हटलेलं त्यांना ऐकू गेलं का आणि ते बोललेलं मला येणार का काही कळत नव्हतं. पुन्हा म्हटलं. मग समोरून दबक्या आवाजात मराठीत आलं, आरं आमीच हाय. आता तुम्ही म्हणाल मराठीत बोलला म्हणजे आपला माणूस. पण पासवर्ड ठरलेला असतो तो मराठीत बोलण्यावर ठरत नाही. समोरच्याच्या पाठीला कुणी बंदूक लावली असेल तर तोही मराठीतच बोलणार. मी त्यांना तिथंच चिखलात पालथं पाडून ठेवलं, रायफल तशीच रोखलेली, आणि पासवर्ड नीट ऐकू येईपर्यंत एकालाही हलू दिलं नाही. त्यात आमचे सेक्शन कमांडर होते, ज्यांच्या ताटातलं मी खाल्लंय. एका जवानाचा पाय मुरगळला होता, त्यांच्या वाटेवर नाल्याला पाणी आलं म्हणून ते वळसा घालून लवकर आले होते आणि रेडिओत पाणी गेल्यामुळे कळवता आलं नव्हतं. सगळं खरं होतं. तरी ते पाच सात मिनिटं आपल्याच माणसाच्या बंदुकीपुढं चिखलात पडून राहिले.

सकाळी सेक्शन कमांडरांनी मला बोलावलं. मला वाटलं शाबासकी मिळेल नाहीतर शिव्या. त्यांनी विचारलं, मका हलल्यावर पहिला 'थम' म्हणायला एवढा वेळ का घेतलास. बाकी काही नाही. आणि त्यांचं बरोबर होतं, मी तीन चार सेकंद नुसता ऐकत राहिलो होतो.

गोळी का घातली नाहीस असं मला घरी मुलाने विचारलं होतं. कारण पहिल्या आवाजाला ते जागच्या जागी थांबले. शत्रू असता तर एकतर पळाला असता किंवा त्याने आधी फायर केला असता. पण हा विचार मी तेव्हा शांतपणे केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. ट्रेनिंगमध्ये शेकडो वेळा करून घेतलेलं असतं म्हणून बोट थांबतं. एक बोट थांबलं नाही तर आपलीच चार घरं उद्ध्वस्त, आणि नको तेव्हा थांबलं तर झोपलेली अख्खी पोस्ट जाते. कुठल्याही संत्र्याला विचारा, त्याला शत्रूच्या गोळीपेक्षा ह्याची जास्त भीती असते.

आता झोपेचा हिशोब. लोकांना वाटतं दोन तास ड्युटी आणि मग आराम. पुढच्या लहान पोस्टवर माणसं किती असतात? आमच्या एका पोस्टवर आम्ही ९ जण होतो. डिसेंबरमध्ये डोंगरात संध्याकाळी साडेपाचला अंधार पडतो आणि सकाळी ७ ला उजाडतं, म्हणजे साडेतेरा तासांची रात्र. संत्री एकटा नसतो, जोडी असते, म्हणजे रात्रीचे माणशी तास झाले २७. नऊमधला एक कमांडर, तो रात्रभर राऊंड मारतो, एक रेडिओवर, एक जण तापाने आडवा, तो नेहमीच कुणी ना कुणी असतो. राहिले सहा. २७ भागिले ६, प्रत्येकाला साडेचार तास, आणि ते सलग नाही, तुकड्या तुकड्यात. त्यात अंधार पडताना आणि उजाडायच्या आधी सगळ्यांनी मोर्च्यात हजर राहायचं, त्याला स्टँड टू म्हणतात, कारण हल्ला बहुतेक त्याच वेळी येतो. मग दिवसा झोपा म्हणाल तर दिवसाही एक संत्री लागतोच, शिवाय खालून पाणी आणायचं, रॉकेल आणायचं, राशन पाठीवर चढवायचं, मोर्च्याची दगडं ढासळली ती रचायची, हत्यार साफ करायचं. मी सांगतो तुम्हाला, चोवीस तासात सगळं मिळून चार पाच तास झोप, ती पण बूट घालून, आणि हे असं एक दिवस नाही, महिनोन्‌ महिने.

२ ते ४ ची ड्युटी सगळ्यात वाईट. तेव्हा शरीर साथ सोडतं. डोळे उघडे असतात आणि तरी समोरचं दिसत नाही अशी एक अवस्था येते, ती ज्याने अनुभवली नाही त्याला सांगून कळत नाही. अंधारात डोळा बसायला वीस पंचवीस मिनिटं लागतात, त्यात कुणी एक काडी पेटवली की सगळं परत पहिल्यापासून. सरळ बघितलं तर वस्तू विरघळल्यासारखी होते, म्हणून थोडं बाजूला बघायला शिकवतात. एकाच झुडपाकडं जास्त वेळ बघितलं तर ते चालायला लागतं. मी जागं राहायला आमच्या रेल्वेची स्टेशनं म्हणायचो मनात, कोरेगाव सातारा जरंडेश्वर वाठार सालपे लोणंद नीरा जेजुरी, जेजुरीला पोचलो की रिलीफ, म्हणजे माझ्या जागी उभा राहणारा, यायला अजून एक तास बाकी असायचा. बसायचं नाही हा माझा नियम होता, टेकायचं पण नाही. माझा एक जोडीदार तळहातात खडा धरून उभा राहायचा, डुलकी लागली की खडा पडायचा.

सियाचीनचं सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत झालं आणि तेव्हापासून आजपर्यंत तिथं आपला पहारा आहे, चाळीस वर्षं उलटून गेली. मी वर ९० दिवस काढलेत. खाली बेसला आधी शरीराला हवेची सवय करून टप्प्याटप्प्याने वर सोडतात, आणि जाताना सगळेजण ओपी बाबाच्या देवळात रिपोर्ट देऊन जातात. ओमप्रकाश नावाच्या जवानाने एकट्याने पोस्ट लढवली आणि तो आजही पहारा देतो अशी तिथली श्रद्धा आहे, संत्री डुलकी घेत असेल तर तोच येऊन उठवतो असं पोरं सांगतात. मी रिपोर्ट दिला, मनापासून दिला.

वर दोन तास उभं राहणं माणसाच्या हातात नाही. हवा शांत असेल तर तास, नाहीतर अर्धा तास, की रिलीफ. उणे ३०, ४०, आणि त्याहून खाली पण जातं. उघड्या हाताने रायफलच्या लोखंडाला हात लावला तर कातडी तिथंच चिकटून राहते. हत्याराचं तेल गोठतं म्हणून वेळोवेळी चालवून बघावं लागतं. श्वास मफलरवर गोठून त्याची पाटी होते. पायाची बोटं दुखत असतात तोपर्यंत ठीक, दुखायची थांबली की घाबरायचं, हिमदंश झाला म्हणजे. आणि संत्र्याचं लक्ष नुसतं समोरच्या शत्रूवर नसतं. आतले लोक ज्या हटमध्ये रॉकेलचा स्टोव्ह लावून झोपलेत त्याचं हवेचं भोक बर्फाने बुजलं तर सगळे झोपेत गुदमरून जातील, म्हणून बर्फ पडत असताना दर थोड्या वेळाने फावड्याने ते मोकळं करायचं हेही त्याच्याकडंच. १९ हजार फुटांवर चार फावडी बर्फ काढला की छाती फुटायला येते. झोप तर तिथं लागतच नाही नीट, ऑक्सिजन नाही, भूक नाही, आणि खाली आल्यावर कितीतरी दिवस साध्या गोष्टी आठवत नाहीत, मला माझ्या मोठ्या मुलीची शाळेची इयत्ता आठवायला वेळ लागला होता.

३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम पोस्टवर १९,६०० फुटांवर बर्फाचा कडा कोसळला, मद्रास रेजिमेंटचे १० जवान गाडले गेले, त्यात एक आमच्या सातारा जिल्ह्यातला होता. लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडला आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत दवाखान्यात गेला. तेव्हा सगळ्या देशाने टीव्ही बघितला. ते दहा जण त्या रात्री कुठल्या लढाईत नव्हते, पोस्ट धरून बसले होते. धरून बसणं हेच तिथलं युद्ध आहे.

आता कायद्याचं. स्टँडवरच्या माणसाला वाटतं झोपला तर काय, मेमो मिळाला असेल. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ३४ बघा. युद्धाच्या किंवा धोक्याच्या वेळी संत्री चौकीवर झोपला किंवा नशेत सापडला तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम ३६ मध्ये मोहिमेवर असताना १४ वर्षांपर्यंत आणि शांततेच्या काळात सुद्धा ७ वर्षांपर्यंत कैद. डुलकीसाठी एवढी शिक्षा दुसऱ्या कुठल्या नोकरीत आहे मला सांगा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी आपल्याच साडेतीनशेच्या आसपास सैनिकांना कोर्ट मार्शल करून गोळ्या घातल्या, त्यातले दोघं पहाऱ्यावर झोपले म्हणून. दोघंही एकाच जागी बसल्या बसल्या झोपलेले सापडले, फेब्रुवारी १९१७, मेसोपोटेमियात, म्हणजे आजचा इराक. झोपेसाठी मृत्युदंड चारशेच्या वर लोकांना सुनावला होता, पण बाकीच्यांची शिक्षा वरच्या अधिकाऱ्यांनी कमी केली, कारण त्यांनाही माहीत होतं माणूस कधी झोपतो ते.

मेसोपोटेमिया हे नाव आमच्या भागात परकं नाही. त्याच मुलखात कुतच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४७ दिवस सहावी पूना डिव्हिजन अडकली होती, त्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. आपल्या लोकांनी सुरुवातीला घोड्याचं मांस खायला नकार दिला, भाजीपाला नाही, हिरड्या सुजून दात हलायला लागले, पुराचं पाणी खंदकात, आणि तशा अंगाने ते रात्री पहाऱ्याला उभे राहिले. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. मी जेव्हा जेव्हा त्या गावात जातो तेव्हा माझ्या मनात येतं की यातल्या कितीजणांची शेवटची रात्र पहाऱ्यावर गेली असेल, पण ते कुठं लिहिलेलं नाही आणि लिहिलेलं असणारही नाही.

माझं म्हणणं चुकीचं समजू नका. कायदा कडक आहे तो असाच पाहिजे. झोपलेला संत्री स्वतः एकटा मरत नाही. आपल्याच इतिहासात बघा, ५ एप्रिल १६६३ ला महाराज लाल महालात शिरले तेव्हा आमची माणसं 'आम्ही तुमच्यातलेच, चौकीवर चाललोय' असं सांगून छावणीत घुसली असं सांगतात. आम्हाला शाळेत ही गोष्ट अभिमानाने शिकवली आणि अभिमानाचीच आहे, पण पलटणीत गेल्यावर उस्तादांनी ती उलट बाजूने शिकवली, की शाहिस्तेखानाच्या चौकीवरच्या माणसाने एक प्रश्न जास्त विचारला असता तर काय झालं असतं. तेव्हापासून मला ती गोष्ट दोन्ही बाजूंनी ऐकू येते. म्हणून माझ्या सेक्शनमध्ये कुणी पेंगलेला सापडला तर मी त्याला सोडलं नाही. मला एवढंच म्हणायचंय की चूक झाली असेल तर ती सिद्ध होऊ द्या, आणि चूक कुठं झाली ते पण बघा. ९ माणसांच्या जागी १५ असते तर तो पेंगला असता का? रिलीफ वेळेवर आला होता का? समोरचं गवत, मका कापला होता का? १८ सप्टेंबर २०१६ ला उरीला पहाटे हल्ला झाला तेव्हा एक पलटण जात होती आणि दुसरी येत होती, माणसं तंबूत होती. चार्ज देण्याघेण्याचे दिवस हे सगळ्यात धोक्याचे असतात, नव्याला जमिनीची ओळख नसते, जुन्याचं निम्मं सामान बांधलेलं असतं. हे न बघता नुसतं गाफील म्हणून टाकलं की लिहिणाऱ्याचं काम होतं, पण ज्याचा पोरगा त्या रात्री ड्युटीवर गेला त्या आईला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

आणि पहारा नसला की काय होतं ते १९९९ ने दाखवलंय. कारगिलच्या उंच चौक्या हिवाळ्यात दोन्ही बाजू रिकाम्या करायच्या, बर्फ वितळला की परत जायच्या. त्या वर्षी पाकिस्तानी आधीच येऊन बसले. मे महिन्यात बटालिकच्या बाजूला मेंढपाळांनी अनोळखी माणसं बघितली म्हणून कळलं. नंतर त्याच टेकड्या परत घ्यायला ५२७ जवान गेले. तेव्हापासून तिथं हिवाळ्यात पण माणूस उभा असतो. कुणी विचारलं ना की बर्फात उभं राहून तो काय करतो, तर त्याला हा ५२७ चा आकडा सांगा.

ऑपरेशन पराक्रमचं थोडक्यात सांगतो. संसदेवर हल्ला झाला १३ डिसेंबर २००१ ला, आम्ही सीमेवर गेलो आणि ऑक्टोबर २००२ मध्ये परतीचा आदेश आला. दहा महिने. युद्ध झालं नाही म्हणून त्याचं कुणाला काही आठवत नाही. आम्ही राजस्थानात होतो, मे महिन्यात वाळूत हेल्मेट हातात धरवत नव्हतं, समोर आपणच पेरलेले सुरुंग, आणि त्या सुरुंगांनी आपलीच माणसं पण घेतली. रोज वाटायचं आज हुकूम येईल. रोज रात्री तीच ड्युटी.

आता तर संत्र्याने वर पण बघायचं आहे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार रात्री ड्रोन येत होते तेव्हा माझा पुतण्या पंजाबात होता, तो सांगतो काका, आधी कान जमिनीकडं असायचा, आता मान वर करून करून आखडते, आणि तारा पण ड्रोनसारखा दिसतो. आपली माणसं तेव्हा काय करत होती? लष्कराच्या गाड्यांचे व्हिडिओ काढून स्टेटसला. त्याच्या दहा पंधरा दिवस आधी, २६ एप्रिलला, सरकारने टीव्हीवाल्यांना लष्कराच्या हालचाली लाइव्ह दाखवू नका म्हणून सांगितलं होतं, २६/११ ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलेलं आहे. पण गल्लीतल्या मोबाईलला कोण सांगणार? ते काम पेपर करू शकतो. आमच्या गावातून जाणारी गाडी कुठं चाललीय, स्टेशनवर किती फौजी उतरले, हे टाकू नका एवढं मोठ्या अक्षरात छापा, आणि एकदा नाही, सारखं छापा.

दुसरं, आपले लाखो माजी सैनिक निवृत्त झाल्यावर परत पहाऱ्यालाच उभे राहतात. काही जण डीएससीमध्ये जातात, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर. २ जानेवारी २०१६ ला पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला तेव्हा सुरुवातीलाच डीएससीचे जवान पडले, पेन्शन घेऊन परत वर्दी चढवलेली पन्नाशीच्या आसपासची माणसं. बाकीचे पुण्या मुंबईला सोसायटीच्या गेटवर, बँकेच्या दारात. माझा एक बॅचमेट पुण्यात एका सोसायटीत आहे, बारा बारा तास, बसायला खुर्ची मागितली तर सेक्रेटरी म्हणाले खुर्ची दिली की तुम्ही लोक झोपता. जो माणूस बर्फात टेकला नाही त्याला हे ऐकावं लागलं. त्याने मला फोनवर सांगितलं आणि नंतर बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

संपादक साहेब, पेपरात हल्ला येतो, शौर्य येतं, अंत्ययात्रा येते, आणि ते आलंच पाहिजे. पण ज्या रात्री काहीच झालं नाही ती रात्र कुणीतरी जागून काढलेली असते, तिची बातमी होत नाही हे मला कळतं, काहीच झालं नाही याची बातमी कशी करणार. म्हणून निदान झालं त्या रात्रीचं लिहिताना तरी एक फोन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा, आमच्यासारखा कुणीही माजी सैनिक आनंदाने सांगेल की तिथं माणसं किती असतात, रिलीफ कसा असतो. चौकशीचा निकाल यायच्या आधी गाफील हा शब्द वापरू नका. माझी ही विनंती आहे, तक्रार समजू नका.

जाता जाता अजून एक. आमच्या आळीतला एक पोरगा पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येतोय, उत्तरेकडच्या एका पोस्टवर सात महिने होता, जम्मूपासून दोन दिवस रेल्वेत. मंडळाने त्याचा सत्कार ठेवलाय, तो पोचेल त्याच दिवशी सकाळी ९ ला, ढोल ताशा, फटाक्यांची माळ. मी काल अध्यक्षांकडं जाऊन आलो. त्यांना म्हटलं सत्कार करा, जोरात करा, पण चार दिवस पुढं ढकला आणि फटाके आणू नका. त्याच्या आईला पण सांगून आलोय, दुपारी चार वाजेपर्यंत झोपला तरी उठवू नका, आणि उठवायची वेळ आलीच तर अंगाला हात लावू नका, दारातून नाव घेऊन हाक मारा.

आपला,
एक माजी हवालदार,
ता. कोरेगाव, जि. सातारा